हरणीची कीव

त्र्याहत्तर सालचा पाऊस चांगला झाला. येवल्याच्या पुढच्या माळावर गुडघाभर गवत उठलं, बाजरी कणसात आली, आणि कुसाबाईनं मुलासाठी दुसरी बायको बघायला घेतली.

पहिली घरातच होती. चंद्रभागा. लग्नाला तीन वर्षं होऊनही तिच्या मांडीवर मूल नव्हतं. उन्हाळ्यात दुष्काळी कामावर खडी फोडताना, पाचव्या महिन्यात तिचं पोट पडलं होतं. पण त्याचं कुसाबाईला काही नव्हतं. "हिच्या कुशीत काय टिकायचंच नाय," असं ती विहिरीवर चारचौघींत सांगायची. नवरा गोरक्ष ऐकून न ऐकल्यासारखं करायचा.

दसरा झाला आणि मल्हारी नावाचा पाहुणा आला. त्याची पुतणी गोरक्षला द्यायची बोलणी होती. चहा टाकायला सासूनं चंद्रभागेलाच सांगितलं. तिनं तो टाकला. बाहेर ओट्यावर सासरा रंगनाथ, पाहुणा आणि शेजारची दोघं-तिघं बसली होती. गोरक्ष मेढीला टेकून उभा होता. समोर माळावर हरणांचा कळप चरत होता.

"औंदा हरणांनी बाजरी ठेवली का?" मल्हारीनं विचारलं.

"खात्यात की. पण कळपच वाढंना," रंगनाथ म्हणाला. "बघा, एवढ्या हरण्या, पण पाडस एक नाय. दरसाल या दिवसांत गवतात नुसत्या उड्या चालायच्या पाडसांच्या."

"लांडग्यानं उचलली असतील."

"व्यायल्याच नाय, तर लांडगा काय उचलतो? उन्हाळ्यात माळावर काडी नव्हती. पोटात चारा नसला की हरणी गाभ धरत नाय. धरलं तरी टाकती. टिकलंच एखादं, तर थानाला दूध नाय. मुका जीव, त्याचा काय दोष? दोन साल पोटभर खाऊ द्या, होतील पाडसं."

"बिचारी," मल्हारी म्हणाला.

चंद्रभागा कपबशांचं ताट घेऊन उंबऱ्यात उभी होती. तिनं ताट ओट्यावर असं आदळलं, की चहा पाहुण्याच्या धोतरावर उडाला.

"आन् मी कोण हाय, मामा?"

रंगनाथ दचकला. "सूनबाई, आत जा."

"नाय जात. हरणीचं पोट रिकामं होतं हे तुम्हाला कळतं. माझ्या पोटात काय होतं? सकाळी रेशनच्या लाल मिलो ज्वारीची अर्धी भाकर, आन् दिवसभर घण. कामावर सगळ्यांना सरकारी सुकडी वाटायचे खायला. ती माझ्या हातात राहिली का कधी? आत्याबाई रोज काढून घ्यायच्या. गड्याला ताकद लागती म्हणायच्या. कोण खात होतं ती?" ती वळली आणि जन्मात पहिल्यांदा तिनं नवऱ्याचं नाव घेतलं. "गोरक्ष, तू खात होतास! माझ्यासमोर बसून! पाचवा महिना होता मला!"

कुसाबाई आतून धावत आली. "पाहुण्यांसमोर तोंड चालवती, रांडे!" तिनं हात उगारला. चंद्रभागेनं तो वरच्या वर धरला आणि झटकून टाकला.

"बिचारी हरणी आन् वांझ मी? आणा की दुसरी. तिलाही उपाशी ठेवा, बघू काय टिकतंय ते!"

मल्हारीनं धोतर झटकलं, टोपी सारखी केली आणि "बघू पुढं" एवढंच म्हणून निघून गेला. चंद्रभागेनं लुगड्याचं बोचकं बांधलं आणि मनमाडची एसटी धरली. तिथं तिचा भाऊ देवराम रेल्वेत खलाशी होता.

दिवाळी उलटल्यावर गोरक्ष मनमाडला आला. चंद्रभागा अंगणात कांदे निवडत होती.

"ती सोयरीक मोडली," तो म्हणाला. "आई आता काय बोलत नाय. चल."

"आईचं सोड. तू काय बोलतोस?"

"मी कधी तुला वाईट बोललो?"

"नाय बोलला. त्याचाच राग हाय मला. तुला सगळं ठाऊक होतं, आन् तू गप होता. त्याच ओट्यावर, त्याच माणसांपुढं सांग कुणी काय खाल्लं. तरच येईन."

"लोकं हसतील."

"माझ्यावर हसली तवा बरं चाललं होतं तुझं."

तो गाडीला निघून गेला. पंधरवड्यानं परत आला, तेव्हा "सांगतो" एवढंच म्हणून तिचं बोचकं उचलून चालू लागला. ती मागोमाग निघाली.

गावात पोचल्यावर त्यानं शेजाऱ्यांना हाका मारल्या. माणसं ओट्यावर जमली. गोरक्ष सगळ्यांपुढं उभा राहिला. "हिच्या वाटची सुकडी मी खाल्ली. मला माहीत होतं. पोर गेलं त्यात हिचा दोष नाय. आमचा हाय."

रंगनाथानं मान खाली घातली. कुसाबाई तरातरा आत गेली आणि तिनं दार आपटलं.

चंद्रभागेला वाटलं होतं, हे ऐकून बरं वाटेल. वाटलं नाही. राग होता तिथंच होता, उलट आता त्याला मोकळी जागा मिळाली होती. तिनं आपटलेलं दार ढकललं. चुलीवर नुकत्याच भाकरी झाल्या होत्या, आणि कुसाबाई आधी गडीमाणसांची ताटं वाढत होती. चंद्रभागेनं फळीवरचं ताट काढलं, दोन अख्ख्या भाकरी घेतल्या, वर पिठलं वाढून घेतलं आणि सासूसमोरच मांडी घालून जेवायला बसली.