सायखेड्याचा गार डोह

निलोफरला सकाळपासून एका जागी बसवत नव्हतं. द्वारकेच्या चौकातले हॉर्न तिसऱ्या मजल्यावरच्या तिच्या खोलीपर्यंत पोचत होते, पण ते रोजचंच होतं. आज जीव खात होती ती लॅपटॉपवरची पाण्याच्या तापमानाची एक रेघ. दोन ठिकाणी ती जिन्याच्या पायरीसारखी एकदम खाली उतरली होती, आणि तसं उतरायला तिला काही कारण नव्हतं.

"निलो, बैठ तो जरा. चाय ठंडी हो गई," अम्मी दारातून म्हणाली.

"हाँ अम्मी," म्हणत ती उभीच राहिली.

उन्हाळ्यात गोदावरीचं पाणी किती तापतं आणि त्यामुळे मासे कुठून कुठे सरकतात, हा निलोफरच्या पीएचडीचा विषय. त्यासाठी दोन वर्षांपूर्वी नदीत पाच ठिकाणी तिने काडेपेटीएवढ्या डब्या बांधल्या होत्या. दर तासाला त्या पाण्याचं तापमान नोंदवून ठेवत. चार ठिकाणी मे महिन्यात पाणी तेहतिसाच्या पुढे गेलं. पाचव्या ठिकाणी, सायखेड्याच्या डोहात, दोन्ही उन्हाळ्यांत ते सत्तावीसच्या आसपास राहिलं. तळाशी एखादा झरा असावा, असा तिने अंदाज बांधला आणि लिहिलं की नदी तापत गेली तरी असे डोह माशांना आसरा देतील. तिच्या गाईड मोहिनी मॅडमना हे फार आवडलं. एका चांगल्या नियतकालिकाने लेख स्वीकारला. आता शेवटची प्रत तपासून सोमवारपर्यंत पाठवायची, एवढंच उरलं होतं.

सायखेड्याच्या रेघेतल्या त्या दोन पायऱ्यांबद्दल तिने पूर्वी एकदा मॅडमना विचारलं होतं. "धरणातून आवर्तन सोडलं असेल गं. गार पाणी आलं की उतरणारच," असं त्या म्हणाल्या, आणि तिने ते मान्य केलं. आज निव्वळ मनाच्या समाधानासाठी तिने वरच्या अंगाच्या डबीतल्या त्याच तारखा काढून पाहिल्या. धरणाचं पाणी सायखेड्याला जाण्याआधी तिथूनच जातं. तिथली रेघ सरळ होती.

चहा तसाच टाकून तिने स्कूटीची किल्ली उचलली.

नांदूर नाका मागे पडला, चांदोरी आली, तरी तिच्या डोक्यात त्याच दोन तारखा फिरत होत्या. अठरा एप्रिल. पुढच्या वर्षीची तीस एप्रिल. डबी बिघडली असेल का? बिघडलेली डबी नेमकी गारव्याकडेच कशी बिघडेल?

सायखेड्याला पुलाजवळ भागीबाई मासे विकायला बसली होती. शेजारी उभा असलेला तिचा नवरा केरू त्याच डोहात जाळं टाकायचा. साठीचा, काटक माणूस. डबी सांभाळायचं काम निलोफरने त्याच्यावर सोपवलं होतं. पहिल्या वेळी ती स्वतः त्याच्या होडीत बसून गेली होती. पण मध्यावर होडी कलली, आणि तिला पोहता येत नव्हतं. त्यानंतर दर चार महिन्यांनी केरूच डबी काठावर आणून द्यायचा. ती आकडे उतरवून घ्यायची, तो डबी परत पाण्यात ठेवून यायचा.

"केरूबाबा, आज मला डबीपाशी घेऊन चला," ती म्हणाली.

"तू? होडीत?" केरू हसला. "अगं, मी आणतो की काढून."

"नको. जागा बघायचीये."

तिच्या तोंडाकडे बघून भागीबाईने नवऱ्याला खूण केली. "न्या तिला. लांबून आलीय पोर, अन् तोंड बघा कसं उतरलंय."

होडी निघाली. निलोफरने दोन्ही हातांनी कड घट्ट धरली होती. वळणावर तो काळा खडक दिसला, ज्याला त्यांनी डबी बांधली होती. तेव्हा त्याचा फक्त माथा पाण्याबाहेर होता. आता तो पुरुषभर उघडा पडला होता आणि त्यावर पाणवेलींची वाळकी मुळं लोंबत होती. केरू वल्हवतच राहिला.

"बाबा, खडक मागे राहिला."

"हां, राहिला."

"डबी खडकाला होती ना आपली?"

"होती. पर पहिल्याच उन्हाळ्यात पाणी उतरलं, डबी ईतभर पाण्यात आली. म्हणलं, उघडी पडंल, कोणी तरी नेईल. तू बजावून गेली होती ना, डबी जपा म्हणून? मंग काढली अन् मधल्या खड्ड्यात टाकली. दुसऱ्या उन्हाळ्यात तिथलंबी पाणी तापाया लागलं, तवा म्हणलं, डबी बिघडंल, अन् पार खालच्या खोल खड्ड्यात नेली." त्याने पुढे तरंगणाऱ्या प्लास्टिकच्या बाटलीकडे बोट दाखवलं. "ती बघ. लय नीट हे."

निलोफरने बाटलीकडे पाहिलं. "कधी हलवली? काही आठवतं?"

"पहिल्यांदा रामनवमीच्या दुसऱ्या दिवशी. अन् दुसऱ्यांदा आखाजीला. त्या दिवशी जाळं टाकत नाय ना आम्ही, मोकळाच होतो."

तिने मोबाइलवर दोन्ही वर्षांची पंचांगं काढून रामनवमी आणि अक्षय्य तृतीया पाहिली. अठरा एप्रिल, तीस एप्रिल. डोह गार राहिलाच नव्हता. पाणी उतरलं, तापलं की केरू डबी गार जागी नेत होता.

"मला सांगितलं का नाही, बाबा?"

"तू इचारलंच नाय कधी." तो वल्हवायचा थांबला. "का गं? चुकलं का माझं काय?"

खरंच, तिने कधी विचारलं नव्हतं. दोन वर्षं ती काठावर चहा पीत बसली होती. "तुमचं नाही चुकलं," ती म्हणाली.

काठावर येताच तिने मॅडमना फोन लावला. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. "निलोफर, डबी डोहातच होती ना? डोहाच्या बाहेर तर नव्हती?"

"डोहातच होती, मॅडम."

"मग तळाशी एक टीप टाकू. खोली बदलत गेली, म्हणून. लेख कशाला घालवतेस?"

"पण आपण लिहिलंय की डोह तापत नाही. तो तापतोय."

"दोन दिवस विचार कर," म्हणून मॅडमनी फोन ठेवला.

ते दोन दिवस तिने घरात येरझाऱ्या घालण्यात काढले. टीप लिहिली, खोडली, परत लिहिली. कुठल्याही शब्दांत लिहिली तरी ती खोटीच वाटे. रविवारी दुपारी तिने संपादकांना पत्र पाठवून लेख मागे घेतला. मॅडमनी एका ओळीचं उत्तर दिलं, "तुझा निर्णय." पंधरा दिवस त्या बोलल्या नाहीत. मग एके दिवशी त्यांनी विभागाच्या शिपायाबरोबर चार नव्या डब्या पाठवल्या, सोबत चिठ्ठी वगैरे काही नव्हतं. प्रबंध वर्षभर लांबणार हे नक्की झालं. अम्मीने विचारलं तेव्हा निलोफरने एवढंच सांगितलं की काम अजून बाकी आहे.

डब्या घेऊन ती सायखेड्याला गेली. या वेळी तिने दोरीला बांधलेला तापमापकही नेला होता. केरू तिला एकेका जागी नेत होता, ती दोरी सोडत होती आणि आकडे वहीत लिहीत होती. खडकाजवळ चौतीस. मधल्या खड्ड्यात एकतीस. खालच्या खोल खड्ड्याच्या तळाशी साडेअठ्ठावीस. गेल्या मेमध्ये त्याच तळाशी सत्तावीस होतं. आजूबाजूला मोजत गेल्यावर कळलं, की एवढ्या मोठ्या डोहात गार म्हणावं असं पाणी एका खळ्याएवढंच उरलंय. झऱ्याचा कुठे पत्ता नव्हता.

"म्हंजे मासा आता एवढ्यातच?" केरूने विचारलं.

"ज्याला गार पाणी लागतं, तो एवढ्यातच."

केरूने वल्हं आडवं ठेवलं. "दोन वर्सं झाली, मला वाम लय घावतीय. एका खेपेत पाटीभर. मी भागीला म्हणायचो, देवाची दया, वाम वाढली." तो पाण्याकडे बघत होता. "वाढली नाय तर. सगळीकडची येऊन हितं कोंडलीय."

निलोफरने वही मिटली. तिनेही तर हेच केलं होतं. एका खड्ड्यातलं पाणी बघून तिने अख्ख्या डोहाबद्दल लिहिलं होतं.

केरू उठला. त्याने खड्ड्यावर लावलेलं आपलं जाळं ओढायला सुरुवात केली. सापासारख्या लांबट वामी वळवळत होत्या. एकेक सोडवून तो पाण्यात टाकत गेला, आणि ओलं जाळं त्याने होडीच्या तळाशी गोळा करून ठेवलं.

"भागीला काय सांगू, ते बघतो आता," तो म्हणाला.

निलोफरने आजूबाजूला पाहिलं. त्याच खड्ड्याच्या कडेने दुसऱ्यांच्या जाळ्यांचे तरंगते गोळे दिसत होते. तिने मोजले. सात होते.

"ही कोणाची, बाबा?"

"दोन माझ्या भावाची. बाकीची गावातल्यांची."

"त्यांच्याशी बोलता येईल?"

"बोलाया काय, बोलू." केरूने वल्हं पाण्यात घातलं. "ऐकतील का, ते नाय सांगता यायचं. तूबी चल."

होडी काठाकडे वळली. पुढच्या बोलण्याची जुळवाजुळव करत निलोफर वहीतले आकडे पुन्हा पुन्हा वाचत राहिली.