अकरावं कलम

सूड उगवायचा तर माणसाकडे सबुरी लागते, आणि सरकारी नोकरीत एकोणीस वर्षं काढलेल्या माणसाकडे दुसरं काही नसलं तरी सबुरी असतेच. वेल्डिंगच्या बाईंकडे ती भरपूर होती. सरकारी व्यवसाय प्रशिक्षण महाविद्यालयाच्या मागच्या अंगाला पत्र्याच्या छताखाली त्यांची कार्यशाळा होती. बारा मशिनं, त्यातली नऊ चालू. पोरं त्यांना नुसतं 'बाई' म्हणत, आणि त्यांच्या आवाजाला ग्राइंडरपेक्षा जास्त भीत.

या बाईंनी तीन वर्षं खपून एक धोरण लिहिलं होतं. आपल्या पोरांना परदेशातल्या कॉलेजात सहा महिने कसं पाठवायचं, तिथल्यांना इथं कसं आणायचं, दोन्हीकडची परीक्षा एकमेकांनी कशी मान्य करायची, सगळं त्यात होतं. बेचाळीस पानं. दिवसभर पोरांच्या मागे ओरडायचं आणि संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर शब्दकोश उघडून परदेशी कॉलेजला पत्रं लिहायची. भाजी करपली की नवरा म्हणायचा, "ही पण परदेशी पाठवतेस का?" तिकडून उत्तर आलं, चर्चा झाली, शेवटी होकार आला. सोळा जागा. दरवर्षी सोळा पोरं.

मग धोरण छापून आलं. वर सोनेरी अक्षरांत नाव होतं प्राचार्यांचं. बाईंनी पहिलं पान पाहिलं, शेवटचं पाहिलं. आभाराच्या पानावर छपाईवाल्याचे आभार होते, खुर्च्या पुरवणाऱ्याचे होते. बाईंचं नाव कुठंच नव्हतं.

हे प्राचार्य साहेब म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणारा माणूस. सहा वर्षांत कार्यशाळेत आले ते फक्त फोटोपुरते, तेही बुटांना कचरा लागू नये म्हणून दारातूनच. बाई धोरणाची प्रत घेऊन त्यांच्या केबिनमध्ये गेल्या, तर ते हसून म्हणाले, "अहो बाई, संस्थेचं काम आहे. तुमचं-माझं काय त्यात?" आयत्या बिळावर नागोबा बसतो तो निदान फुत्कारतो तरी. हे हसले. बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण त्या "बरोबर आहे साहेब" म्हणाल्या आणि बाहेर आल्या.

बाहेर आल्यावर त्यांनी ती प्रत ओळ न ओळ वाचली. आणि अकराव्या कलमाशी थांबल्या.

ते कलम त्यांनी स्वतःच्या हट्टानं घातलं होतं. ज्याचं नाव या धोरणावर आहे त्यानंच कार्यक्रमाचं प्रमुखपद घ्यावं, आणि त्यानं कुठल्याही एका कार्यशाळेची पायाभूत परीक्षा स्वतःच्या हातानं पास केलेली असावी. निकालावर त्या कार्यशाळेच्या निदेशकाची, म्हणजे तिथं शिकवणाऱ्याची, सही असावी. परदेशी कॉलेजला सगळ्यांत जास्त आवडलेलं कलम तेच. बाईंनी ते लिहिलं तेव्हा डोळ्यांसमोर स्वतःच होत्या. साहेबांनी नाव तेवढं बदललं. बाकीचं वाचायचे कष्ट कोण घेणार?

"सांगायचं का साहेबांना?" हेडक्लार्कनं विचारलं. ऑफिसात बाईंच्या बाजूचा तो एकटाच. साहेबांनी त्याची बढती दोनदा अडवली होती.

"कशाला? त्यांनीच लिहिलंय ना," बाई म्हणाल्या.

आठ महिने त्या मूग गिळून बसल्या. साहेबांचे सत्कार झाले, त्यांची मुलाखत छापून आली, मंत्रालयातून कौतुकाचं पत्र आलं. प्रत्येक हाराबरोबर बाईंना बरं वाटत गेलं. माणूस जितका वर चढतो तितका जोरात आपटतो, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं.

परदेशी कॉलेजच्या मुख्य बाई आल्या त्या सहीच्या तयारीनंच आल्या. उंच, पिकल्या केसांच्या, हातावर जुन्या ठिणग्यांचे डाग. भाषणं झाली, सगळे कार्यशाळेत आले. मग त्यांनी बॅगेतून चामड्याचा ॲप्रन काढून साहेबांपुढे धरला. दुभाष्यानं सांगितलं, "त्या म्हणतायत, तुमचं अकरावं कलम त्यांना फार भावलं. तुमचा हात बघायचाय."

साहेबांचा चेहरा असा झाला की बाईंना तो आयुष्यभर पुरला असता. ॲप्रन घातला, काळ्या काचेचा मुखवटा उलटा घातला, मग सुलटा केला. रॉड पत्र्याला टेकवला तो चिकटूनच बसला. ओढता ओढता होल्डरच हातातून सुटला. साठ पोरं बघत होती, आणि मागून एकाला हसू फुटलं ते आवरेना. साहेबांनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी मशिनच्या काट्याकडे पाहिलं.

पाहुण्या बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी याच कार्यशाळेच्या परीक्षेसाठी चार महिन्यांची मुदत दिली. शेवटच्या तारखेला पाच वाजेपर्यंत निकाल पोचला पाहिजे. पास तर करार सुरू. नापास तर सोळा जागा दुसऱ्या संस्थेला, आणि पुन्हा विचारायचं नाही. निघताना पाहुण्या बाई वेल्डिंगच्या बाईंचा हात हातात घेऊन म्हणाल्या, तुमची सही आली की आम्ही पुन्हा तपासणार नाही.

पहिल्या वर्षी जायला निवडलेल्या सोळा जणांत पहिलं नाव होतं मुंगीचं. मुंगी म्हणजे चणीनं एवढीशी, एकोणीस वर्षांची, दिवसभर काही ना काही वाहत असणारी मुलगी. जोड असा घालायची की बाई तो दुसऱ्या वर्षाच्या मुलांना दाखवत.

दुसऱ्या दिवसापासून साहेब सकाळी साडेसातला कार्यशाळेत. पहिल्या वर्षाच्या पोरांच्या रांगेत, शेवटच्या मशिनवर. ते मशीन उन्हाच्या बाजूला होतं, आणि ते बाईंनीच निवडलं होतं.

"हात सरळ." "पुन्हा." "हे काय केलंत? घासून काढा." "पुन्हा." बाईंनी पहिला महिनाभर त्यांना नुसतं घासायला लावलं. झाडू मारायला लावला, स्वतःच्या जागेपुरता नाही, अख्ख्या शेडचा. पोरांसमोर त्यांचा जॉब, म्हणजे जोडलेला तुकडा, उचलून "कोणी सांगेल का यात काय काय चुकलंय?" असं विचारलं, आणि पोरांनी हौसेनं सांगितलं. घरी जाताना बाई गुणगुणत असत.

"झालं की आता," नवरा एकदा जेवताना म्हणाला. "पुरे कर. तो माणूस रडकुंडीला आलाय म्हणतात."

"तीन वर्षं माझी गेलीत."

"आणि त्या सोळा पोरांचं काय?"

"पोरांचं मी बघते," बाई म्हणाल्या, आणि त्याच्या पानात न विचारता भात वाढला.

पण दुसऱ्या महिन्यात बाईंना न आवडणारी गोष्ट घडली. साहेब शिकायला लागले. आधी आवाज ओळखायला लागले, नीट जळणाऱ्या रॉडचा आवाज. मग हात स्थिर झाला. मनगटावर पोळल्याचे डाग आले, ते त्यांनी बाह्या खाली ओढून लपवले नाहीत. सुटी झाल्यावरही थांबून ते मुंगीला विचारत, "इथं कोन कसा धरतेस गं?" आणि मुंगी त्यांना दाखवत असे. बाईंना ते बघून मनापासून चीड यायची. त्यांना घाणेरडा, रडका, हरलेला माणूस हवा होता, आणि समोर एक विद्यार्थी तयार होत होता.

तिसऱ्या महिन्यात एकदा शेड रिकामी असताना साहेब म्हणाले, "बाई, तुमचं नाव मीच काढलं होतं. चुकलं माझं."

बाई हातातली, जोडावरची खपली काढायची हातोडी पुसत होत्या. याच वाक्यासाठी त्या वर्षभर थांबल्या होत्या. पण ते साठ जणांसमोर हवं होतं, मंत्रालयाच्या पत्राच्या भाषेत हवं होतं, सोनेरी अक्षरांत हवं होतं. असं रिकाम्या शेडमध्ये, घामट कपड्यांतलं नको होतं.

"उद्या उभा जोड," त्या म्हणाल्या. "वेळेवर या."

शेवटच्या दिवशी दुपारी तीनला परीक्षा. सगळी पोरं जमली. सोळा जण पुढे, मुंगी सगळ्यांत पुढे. साहेबांनी दोन पट्ट्या पकडीत बसवल्या, मुखवटा खाली ओढला आणि काम सुरू केलं. घाईगडबड नाही, थांबणं नाही. जोड थंड झाल्यावर बाईंनी पट्टी वाकवायच्या प्रेसमध्ये घातली. जोड आतून कच्चा असेल तर वाकताना चिरतो. तिथं कोणाची साहेबी चालत नाही.

पट्टी वाकली. वाकत वाकत चिमट्यासारखी दुमडली. जोड हलला नाही.

बाईंनी ती उजेडात नेली, भिंग लावलं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाहिलं, पुन्हा उलट पाहिलं. जोड चांगला होता. चांगला कसला, उत्तम होता, त्यांनीच शिकवलेला होता. आता यावर सही करायची, मग करार होणार, मग साहेब परदेशी कॉलेजच्या पायऱ्यांवर उभे राहून फोटो काढणार, आणि खाली लिहिलेलं असणार, धोरणाचे शिल्पकार. बाईंना तो फोटो डोळ्यांसमोर स्पष्ट दिसला. पोरांना पुढच्या वर्षी दुसरं कुठलं कॉलेज शोधून देऊ, त्यांनी मनाशी म्हटलं, तीन वर्षांत एक मिळालं तसं दुसरं मिळेल.

"चीर आहे," त्या म्हणाल्या. "नापास."

बाईंनी फॉर्मवर लिहिलं, सही ठोकली. हेडक्लार्क तयारच होता. त्यानं कागद उचलला आणि परदेशी कॉलेजला मेल करायला जवळजवळ पळतच ऑफिसात गेला. दोन मिनिटांत खिडकीतून त्याचा आवाज आला, "गेला बाई! पोचला पण!"

साहेबांनी पट्टी हातात घेतली. अंगठ्यानं जोड चाचपला. त्यांना कळलं, हे बाईंना दिसलं, आणि त्या एका क्षणासाठी बाईंचं तोंड गोड गोड झालं. आता ओरडा, भांडा, पोरांसमोर सांगा की तुमची मेहनत कोणीतरी लाटली, कसं वाटतं ते सांगा.

साहेबांनी ॲप्रन काढून खिळ्याला अडकवला.

"बाईंनी तपासलंय," ते पोरांना म्हणाले, "म्हणजे असणार." आणि पट्टी टेबलावर ठेवून ते शेडबाहेर गेले.

एकेक पोरगं मागे सरकलं. मुंगी मात्र पुढे आली. तिनं पट्टी उचलली, उजेडाकडे तिरकी धरली, नख फिरवलं. या बाजूनं, त्या बाजूनं. बाईंनी शिकवलं होतं अगदी तसं.

"बाई, कुठं आहे?"

"आहे."

"मला दिसत नाहीये." तिच्या आवाजात उलट बोलण्याचा सूर नव्हता. बाई चुकीचं बोलतील हे तिच्या डोक्यातच येत नव्हतं. "माझे जोड पण मी असेच तपासते. मग माझ्यातल्या चिरा पण मला दिसल्या नसतील. एकदा दाखवा ना बाई. मला शिकायचंय."

तिनं पट्टी आणि भिंग दोन्ही बाईंच्या हातात दिलं आणि शेजारी येऊन उभी राहिली, मान वाकवून, नीट दिसावं म्हणून. मागची पोरंही गोळा झाली.

बाईंनी भिंग डोळ्याला लावलं आणि जोडाच्या एका टोकापासून चीर शोधायला सुरुवात केली.