खालचा तू लाव

माझ्या दादाला कुठे नेलं?

हे मी झाडूवाल्या मावशींना विचारलं, सुताराला विचारलं, नव्या डॉक्टरांनाही विचारलं. कुणीच उत्तर दिलं नाही. तुम्ही म्हणाल, दाराच्या बोल्टाला तोंड कुठे असतं? नसेल. पण दाराला कान लावून उभे राहणारे मी पुष्कळ पाहिलेत. बोल्टाचं ऐकणारा एखादा तरी निघावा, म्हणून बोलतोय.

मी साधा लोखंडी बोल्ट. पुढे सरकवला की चौकटीत शिरणारा. शिक्षण म्हणाल तर दोनच गोष्टी येतात, आत जाणं आणि बाहेर येणं. त्याही मला धड जमायच्या नाहीत. मी खडखडत जायचो, एखाद्याच्या अंगावर धावून जावं तसा. दादा मात्र गुपचूप जायचा, लोण्यातून सुरी जावी तसा. आम्ही दुकानातून एकाच कागदात गुंडाळून आलो. तो दारावर आधी बसला म्हणून तो दादा आणि मी धाकटा, एवढंच आमचं नातं. पण मला ते पुरायचं.

आम्हाला बसवलं सरकारी दवाखान्यातल्या एका खोलीला. पोलीस कोठडीतून ज्यांना तपासायला आणतात, त्यांच्यासाठी ती खोली. त्या दाराला तोवर फक्त बाहेरून कडी होती. डॉक्टरबाईंनी सुताराला बोलावलं आणि सांगितलं, "आतून दोन बोल्ट लावा. एक वर, एक कमरेशी."

"कमरेशी? अहो बाई, दुसरा खाली जमिनीपाशी असतो. हे बघून लोक मला हसतील."

"हसू देत. इथे येणाऱ्या काही माणसांचे हात खांद्याच्या वर जात नाहीत. काहींना वाकता येत नाही."

सुताराने तोंडातला खिळा काढला, पुन्हा तोंडात ठेवला आणि गिरमिटाने भोकं पाडायला लागला.

बाईंची एक पद्धत होती. माणूस आत आला की त्या हवालदाराला म्हणायच्या, "तुम्ही बाहेर बसा."

"बाई, पळाला तर माझी नोकरी जाईल."

"खिडकीला गज आहेत, दाराशी तुम्ही आहात. पळून काय माझ्या पर्समध्ये बसणार आहे?"

"पण नजरेसमोर पाहिजे ना."

"तुमच्या नजरेसमोर तो मला काय सांगेल? तुम्हीच सांगा."

हवालदार मान खाजवत बाकावर जाऊन बसायचा. "चहा तरी पाठवा," म्हणायचा. बाई पाठवायच्याही.

मग त्या आतल्या माणसाकडे वळायच्या. "घाबरू नकोस. हे बोल्ट आतून आहेत. वरचा मी लावते, खालचा तू लाव. नको वाटलं तर तूच काढ. मला विचारायचंसुद्धा नाही."

त्या माणसांनी किती दिवस कडीचा आवाज फक्त बाहेरून ऐकलेला असायचा. ती माझ्याकडे बघतच राहायची. कुणी मला लावून, काढून, परत लावून बघायचं. कुणी हसायचं, आणि मग ते हसू भलतीकडेच जायचं. चेहरे मला फारसे आठवत नाहीत. माझ्या उंचीवर चेहरे येत नाहीत, बोटं येतात. सुजलेली, नख नसलेली. एकाने तर मला कोपराने लावलं होतं. तेव्हा वरून दादा म्हणाला, "हळू जा रे, त्याला दुखतंय." मी हळू गेलो. जमेल तितका.

बाई घाई करायच्या नाहीत. प्रत्येक खुणेशी मोजपट्टी धरायच्या, फोटो काढायच्या, विचारायच्या आणि लिहायच्या. लिहिलेलं त्या माणसाला वाचून दाखवायच्या. "मी बघितलं तेवढंच लिहिते. कमी नाही, जास्त नाही," असं म्हणायच्या. मला त्यातलं काही कळायचं नाही. मला एवढंच कळायचं, की आम्ही दोघं आत असलो की माणसाचा आवाज मोठा होतो.

मग एक ट्रकवाला आला.

दुपारी त्याला न्यायाधीशांपुढे उभं करायचं होतं. त्याआधी तपासणीचा कागद हवा होता. त्याने मला लावलं, खाटेवर बसला आणि पाठ केल्यासारखं म्हणाला, "जिन्यावरून पडलो."

"कुठल्या जिन्यावरून?"

त्याने सदऱ्याची बाही खाली ओढली.

"बरं, राहू दे. खालचा बोल्ट कुणी लावला?"

"मी."

"मग तो काढायचा कुणी?"

तो म्हणाला, "मीच." आणि मग बोलायला लागला. काय बोलला ते मी सांगणार नाही. ते त्याचं आहे, आणि बाईंच्या कागदात आहे.

अर्धी तपासणी झाली असेल, तोच दारावर थाप पडली. पोलीस अधिकारी आले होते, आणि त्यांच्याबरोबर दवाखान्याचे मोठे साहेब.

"बाई, दार उघडा," मोठे साहेब म्हणाले. "एवढं काय लावलंय? 'पडल्यामुळे' असं लिहा, सही करा, मोकळ्या व्हा. सगळ्यांना घरी जायचंय."

"तपासणी चालू आहे, सर."

"मी तुमचा वरिष्ठ आहे."

"आहात ना. माझी रजा, माझी बदली तुम्ही ठरवा. त्याच्या पाठीवर काय आहे ते तुम्ही कसं ठरवणार? तुम्ही पाहिलंय का?"

मग थापा थांबल्या आणि खांदे लागले. दार हादरलं. ट्रकवाला उठून दाराशी आला. म्हणाला, "उघडतो, बाई. माझ्यापायी तुमचं नुकसान नको."

बाई जागच्या हलल्या नाहीत. "खालचा तुझा आहे. काढायचा तर काढ. मी रागावणार नाही."

त्याची बोटं माझ्यावर आली. थंडगार होती. मला वाटलं, आता ओढतो. त्याने ओढलं नाही. तळवा लावून मला होतो त्याहून आत रेटलं, वळला आणि म्हणाला, "पाठीचं राहिलंय ना? ते घ्या लिहून."

त्यानंतरचे धक्के सगळे वर बसले. दादाचे स्क्रू लाकडातून उखडायला लागले. मी खालून ओरडत होतो, सोड, वाकून घे, काहीतरी कर. पण दादाला वाकणं माहीत नव्हतं. तो एवढंच म्हणाला, "धर रे." मग तो उडाला, फरशीवर आपटला आणि खाटेखाली गेला. मी वाकलो, मधोमध. पण वाकलो तसा चौकटीत घट्ट अडकलो, आणि दार काही हललं नाही.

बाईंनी शेवटची ओळ लिहिली, वाचून दाखवली, सही केली. मग म्हणाल्या, "आता काढ." मी काही निघेना. गुडघ्यावर मारायची ती छोटी हातोडी बाईंनी माझ्यावर मारली, त्याने ओढलं, तेव्हा कुठे निघालो. एवढ्या गडबडीत ट्रकवाला हसला. "बाई, हा माझ्यापेक्षा हट्टी आहे."

कागद न्यायाधीशांपर्यंत पोहोचला, असं मावशी नंतर म्हणाल्या. पुढचं मला ठाऊक नाही.

संध्याकाळी मावशींनी खोली झाडली. खाटेखालून दादाला सुपलीत घेतलं आणि त्या दाराबाहेर गेल्या. मी विचारलं, कुठे नेताय? सुपली निघून गेली.

बाईंना औषधांच्या गोदामात टाकलं, बाटल्या मोजायला. आपला कप न्यायला त्या एकदा आल्या. दार नुसतं लोटून उभ्या राहिल्या. वर दादाची भोकं होती, त्यांत बोट घातलं. मग माझ्यावर अंगठा ठेवला. मी लहान असतो तर रडलो असतो. लहानच होतो, पण लोखंडाला रडताही येत नाही, नुसता गंज चढतो.

भिंतीवर हुकूम लागला. मला वाचता येत नाही, मावशींनी वाचला: तपासणीच्या वेळी दार उघडे ठेवावे. आत हवालदारासाठी खुर्ची आली. आणि काय चमत्कार, माणसं फार पडायला लागली हो. जिन्यावरून पडली, न्हाणीघरात पडली, एक तर म्हणे झोपेतून पडला. नवे डॉक्टर वयाने तरणे होते. खुर्चीकडे बघत विचारायचे आणि खाली मान घालून लिहायचे.

एकदा त्यांनी मावशींना विचारलं, "हा बोल्ट कमरेशी का?" मावशींनी सांगितलं. ते हात धुवायला गेले आणि बराच वेळ नळ चालू होता.

आता मी सुताराच्या पत्र्याच्या डब्यात आहे. इथे सगळे वाकडे खिळे. रोज त्यांच्यात दादाला शोधतो. तो सरळ आहे, लगेच ओळखू येईल. तुम्हाला कुठे दिसला तर माझ्याशेजारी आणून ठेवा. आणि तुमच्याकडे अशी खोली असेल, तर तिच्या दाराला आतून बोल्ट लावा. जो बघतो त्याला बघितलेलं लिहू द्या. बाहेरून धक्के मारू नका. बस, एवढंच मागणं आहे.

मला दारावरून काढलं, त्याच्या आदल्या दिवशीचं सांगतो आणि थांबतो.

एका वयस्कर माणसाला आणलं होतं. हवालदाराचा फोन वाजला. आत आवाज नीट येईना, म्हणून तो बोलत बोलत व्हरांड्याच्या टोकाला गेला. नवे डॉक्टर उठले. दार लावलं. त्यांचा हात आधी वर गेला. तिथे नुसती भोकं. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, त्या माणसाकडे पाहिलं.

"काका," ते म्हणाले, "हा तुम्ही लावा."

म्हाताऱ्याने अंगठा लावला. मी हललो नाही. पाठ वाकडी, अंगभर गंज. त्याने दुसरा हात आणला, तो कमरेपर्यंतच येत होता. बाहेर बुटांचा आवाज परत येऊ लागला. मला दादाचं आठवलं, हळू जा रे, त्याला दुखतंय.

मग मी लाकूड खरवडत, आवाज न करता, आत गेलो.