कपाटाखाली राहिलेला जॅक

मित्रांनो, मी एक जुनी स्टेपनी आहे, असं घरातले म्हणतात. वयाने पाहिलं तर ते खरं आहे. पण झिजून जुनं होणं वेगळं आणि पडून जुनं होणं वेगळं. मी दुसऱ्या प्रकारातली. माझ्या अंगावरच्या खाचा अजून इतक्या कोऱ्या आहेत की बोट फिरवलंत तर टोचतील. माझ्यावर गाडी कधी उभी राहिलीच नव्हती. राहिलं ते सामान.

कारखान्यात आम्ही पाच भावंडं एकाच साच्यातून निघालो. वजन तेच, गोलाई तीच, वासही तोच. चौघं गाडीला लागली आणि पाचव्याला डिकीच्या तळाशी खड्ड्यात ठेवलं. यात गुणवत्तेचा काही संबंध नव्हता. रांगेत मी शेवटी होते, एवढंच. तुमच्याकडेही अशाच कारणांनी माणसं मोठी होतात, असं मी पुढे मागच्या सीटवरच्या गप्पांतून ऐकलं.

माझा सत्कार एकदाच झाला. गाडी विकत घेतली त्या दिवशी विक्रेत्याने डिकीचं तळझाकण उचललं आणि म्हणाला, "आणि ही स्टेपनी. पूर्ण साइझची आहे हं साहेब!" साहेबांनी मला दोनदा थोपटलं आणि झाकण बंद झालं. पुढची बरीच वर्षं मी त्या दोन थापांवर काढली.

सोबतीला फक्त जॅक होता, गाडी उचलायचा. माझ्या शेजारच्या खाचेत तो ग्रीस लावून पडलेला असायचा. त्याचा पट्टा जरा सैल होता. खड्डा आला की तो माझ्यावर आपटे, आणि मग मी त्याच्यावर. खटक. खटक. आमच्यात यालाच गप्पा म्हणतात. रस्ता जितका खराब, तितक्या गप्पा रंगायच्या.

आता घरातली माणसं सांगते. बाबा विमा कंपनीत आहेत. दिवसभर ते लोकांना सांगतात की आयुष्यात कधीही काहीही होऊ शकतं. संध्याकाळी स्वतःच्या गाडीत बसले की काही म्हणजे काही होऊ शकत नाही. पंपावरचा माणूस चार चाकांत हवा भरून विचारायचा, "साहेब, स्टेपनी बघू का?"

"राहू दे," बाबा म्हणायचे. "ती कुठे चाललीय?"

खरंच होतं. मी कुठेही चालले नव्हते.

बाबांशेजारी आई बसते, आणि मागे त्यांची मुलगी ठकी. ठकी हे काही खरं नाव नाही, पण गाडीत तरी मी दुसरं ऐकलेलं नाही. दर हिवाळ्याच्या सुट्टीत ही तिघं डोंगरावरच्या गावी आईच्या थोरल्या भावाकडे जातात. मामांची तिथे लाँड्री आहे. खाली दुकान, वर घर आणि घरात मामा एकटे.

मामांना एकच शब्द नीट येतो, असं बाबांचं मत होतं. तो शब्द म्हणजे 'सांभाळून'. पायऱ्या उतरताना सांभाळून, चहा गरम आहे सांभाळून, उशी मऊ आहे सांभाळून. गाडीत बाबा त्यांना 'सूचना केंद्र' म्हणत आणि ठकी खिदळे. आई हसत नसे, रागावतही नसे. खिडकीबाहेर बघत असे, असा माझा अंदाज. मला तिकडे खिडकी नाही.

मामांची आणखी एक सवय होती. पाहुणे गेले की ते सगळ्या खोल्यांतून फिरत, कोणाचं काय राहिलं ते बघत. मग अर्ध्या वाटेत आईचा फोन वाजे. "चिमे, ठकीची क्लिप राहिलीय. बाथरूमच्या फळीवर." पुढच्या वर्षी कंगवा, पुढे कधी छत्रीची पिशवी.

"एका क्लिपसाठी फोन!" बाबा स्टिअरिंगवर हात मारून हसायचे. "पोलिसात कळवा म्हणावं."

या वेळी मात्र क्लिप राहिली नाही. मित्रांनो, इथून पुढे जरा लक्ष द्या.

मामांच्या घरात काचेची दारं असलेलं एक जड कपाट आहे. कपबश्यांचं. त्याचा मागचा एक पाय मोडला आणि ते कलायला लागलं. मामा विटा आणायला निघाले, तेवढ्यात बाबा म्हणाले, "विटा कसल्या लावताय, दादा? माझ्याकडे जॅक आहे!" धावत खाली आले, डिकी उघडली, तळझाकण उचललं आणि माझ्या शेजारचा जॅक काढून नेला. माझ्याकडे नजरही टाकली नाही.

कपाट अगदी समपातळीत उभं राहिलं म्हणे. आईने कौतुक केलं, ठकीने टाळ्या वाजवल्या, मामासुद्धा म्हणाले, "वा भावोजी, डोकं आहे." मामांच्या घरात बाबांना मिळालेली ही पहिली शाबासकी. ती इतकी चढली की जॅक तिथेच राहिला आणि बाबा खाली आले ते मोकळ्या हातांनी.

निघायच्या दिवशी सामान मामांनीच भरलं. धुऊन घडी केलेली पांघरुणं, बटाट्याचं पोतं, जॅमच्या बरण्या. माझ्या डोक्यावर सामान ठेवणारा हात घाईत आहे की नाही, हे मला वजनावरून कळतं. तो हात अजिबात घाईत नव्हता. बरणी ठेवत होता, काढत होता, दुसरीकडे ठेवत होता.

"आज राहा," मामा म्हणाले. "रस्ता गोठलाय वरच्या बाजूला. ठकीला खोकलाही आहे. सकाळी जा."

"उद्या ऑफिस आहे, दादा."

"मग सांभाळून."

डिकी बंद झाली. पहिला खड्डा आला आणि मी सवयीने शेजारी आपटायला गेले. शेजारी कोणी नव्हतं.

गाडी घाटात वळल्यावर बाबांनी घसा साफ केला. "मी काय म्हणतो, पुढच्या सुट्टीत समुद्रावर जाऊ. दर वर्षी काय तेच ते? थंडी, कपड्यांच्या वाफा आणि सूचना."

"आणि दादाला काय सांगायचं?" आईने विचारलं.

"सांगू काहीतरी. ऑफिसचं."

थोड्या वेळाने बाबाच म्हणाले, "कपाट मात्र झकास बसवलं की नाही?"

"छान बसवलंत," आई म्हणाली.

"बाबा, ते इतकं जड कसं उचललंत?" ठकीने खोकत विचारलं.

"जॅकने, बेटा. युक्ती लागते."

मित्रांनो, तीन माणसांच्या तोंडून जॅकची गोष्ट झाली आणि तिघांपैकी एकालाही तो आत्ता कुठे आहे असा प्रश्न पडला नाही. मी खाली अंधारात ओरडत होते. पण रबराचं ओरडणं कोण ऐकतो? बाबा कपाटाची गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागले. पेट्रोलचा काटा खाली आल्याचं आईने दाखवलं, तर म्हणाले, "घाट उतरल्यावर भरू."

मग बर्फ पडायला लागला. चाकांचा आवाज आधी बारीक झाला, मग बंदच झाला. चाकांचा आवाज बंद होणं फार वाईट. त्याचा अर्थ ती रस्त्यावरून चालत नसतात, घसरत असतात. बाबांची गोष्ट अर्ध्यावर थांबली. एका वळणावर वरून पडलेला धारदार दगड माझ्या मागच्या डाव्या भावाच्या पोटात शिरला. गाडीचा मागचा भाग दरीच्या बाजूला फिरला. बटाटे इकडून तिकडे गेले, आई पुढच्या सीटवरून मागे ठकीवर ओणवी झाली आणि कठड्यापासून हातभर अंतरावर आम्ही थांबलो.

मग बाबा जरा कोरड्या आवाजात म्हणाले, "काही नाही. पंक्चर आहे. स्टेपनी आहे ना आपल्याकडे."

आपल्याकडे! हा शब्द ऐकायला मी इतकी वर्षं थांबले होते.

पांघरुणं, पोतं, बरण्या, सगळं बर्फात उतरलं. झाकण उघडलं. बाबांनी मला दोन्ही हातांनी उचलून कठड्याला टेकवून ठेवलं आणि जॅकसाठी पुन्हा आत हात घातला. हात तिथेच राहिला.

"काय झालं?" आई जवळ आली.

आईने आत वाकून पाहिलं. जॅकच्या आकाराची रिकामी खाच होती.

"अहो," ती म्हणाली, "कपाट."

एवढंच म्हणाली. ओरडली असती तर बाबांना बरं वाटलं असतं.

फोनला रेंज नव्हती. हीटर लावून बसावं, तर पेट्रोल थोडंच. ठकीचा खोकला आता घशातून छातीत उतरला होता. एक बस गेली. ड्रायव्हरने हात हलवला, पण त्या उतारावर थांबला असता तर तोच खाली गेला असता. एक जीप हळू झाली. आतल्या लोकांनी काचेतून आम्हाला नीट पाहिलं आणि गेले. बाबांनी गाडीखाली दगड लावून पाहिले, मग नुसत्या हातांनी ती उचलून पाहिली. माणूस किती घाबरलाय हे असल्या प्रयत्नांवरून कळतं.

मी कठड्याशी उभी होते. वर एवढं मोठं आकाश असतं, हे मला माहीत नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा मी बाहेर आले होते आणि बाहेर कोणी नव्हतं. उजेड कमी होत होता. माझ्या खाचांमध्ये बर्फ भरत होता आणि मला वाटलं, डिकीतला अंधार निदान आपला तरी होता.

"दादा येईल," आई अचानक म्हणाली.

"त्यांना काय स्वप्न पडणार आहे?"

"आपण गेल्यावर तो खोल्या बघत फिरतो. कोणाचं काय राहिलं ते."

बाबा हातातला दगड तसाच धरून उभे राहिले.

"मग तो फोन करतो," आई पुढे म्हणाली. "आणि तुम्ही हसता."

या वेळी बाबा हसले नाहीत. आई ठकीला पांघरुणात गुंडाळून गाडीत बसली. बाबा वरच्या वळणाकडे तोंड करून उभे राहिले. असं कोणाची तरी वाट बघत उभं राहावं लागेल, याचा विमा कोणतीच कंपनी उतरवत नाही.

शेवटी वळणावर दोन पिवळे दिवे दिसले. लाँड्रीची व्हॅन होती. चाकांना साखळ्या लावून, बैलगाडीच्या वेगाने येत होती. मामा उतरले. जॅक त्यांनी टॉवेलमध्ये गुंडाळून छातीशी धरला होता, तान्ह्या पोराला धरावं तसा.

"भावोजी, हे राहिलं होतं," ते म्हणाले. क्लिपबद्दल सांगायचे त्याच आवाजात. "फोन लागेना. म्हटलं, घेऊनच जावं."

बाबांना सुचला तो भलताच शब्द. "दादा... कपाट?"

"आडवं झालं."

"आणि कपबश्या?"

"एक कप वाचला," मामा म्हणाले. "मला एकच लागतो."

आईने तोंड फिरवलं. मामांनी ठकीला उचलून व्हॅनमध्ये ठेवलं. आत इस्त्री केलेले कोट ओळीने टांगले होते. त्यातला सर्वांत जाड त्यांनी तिच्याभोवती लपेटला.

"हा कोणाचा?" ठकीने विचारलं.

"दाताच्या डॉक्टरांचा. खिशात हात घालू नकोस, सांभाळून."

ती हसली. हसता हसता खोकली, पण हसली.

मग मामांनी मला अंगठ्याने दाबून पाहिलं. मी दबले. अगदी आतपर्यंत दबले. "हवा नाही हिच्यात. कधी भरली होती?"

बाबांनी खाली पाहिलं. मामांना यावर बरंच काही बोलता आलं असतं. सूचना केंद्राला अशी संधी पुन्हा मिळाली नसती. ते व्हॅनमधून पायाने मारायचा पंप घेऊन आले आणि मुकाट्याने मारत राहिले. माझ्या आत काहीतरी भरत गेलं. मी ताठ झाले. जॅकने गाडी उचलली. काही क्षण मी आणि तो शेजारी शेजारी होतो, आणि या वेळी आपटायची गरज नव्हती.

नट आवळून झाल्यावर बाबा जॅक हातात घेऊन नुसतेच उभे राहिले. मग त्यांनी तो मामांपुढे धरला.

"हा तुम्ही घेऊन जा."

"अहो, गाडीला लागेल."

"स्टेपनी लागली आता. पुन्हा पंक्चर झालं तर नुसता जॅक काय चाटायचाय? कपाट उभं करा त्यावर. मी पुढच्या सुट्टीत न्यायला येतो."

मामांनी विचारलं, "ऑफिसचं वगैरे काही निघालं तर?"

बाबांनी चटकन आईकडे पाहिलं. तिने काही सांगितलं नव्हतं. मामांना ते आपलं आपण कळलं असावं; एकट्या माणसाला बरंच कळतं.

"जॅक माझा आहे, दादा," बाबा म्हणाले. "असा सोडतो की काय मी!"

"बरं," मामा म्हणाले. "सांभाळून."

कोणी हसलं नाही.

घाट मी उतरवला. एक चतुर्थांश म्हणा हवं तर, पण उतरवला. रस्ता थंड होता, कडक होता आणि मला फार भीती वाटत होती. घाट संपेपर्यंत व्हॅनचे पिवळे दिवे मागे होते. मग ते वळले आणि परत वर गेले. पंपावर पेट्रोल भरताना रेंज आली. घरी पोचल्यावर आईने कळवलं, "पोचलो, दादा." पलीकडून उत्तर आलं, "बरं झालं. ठकीचा एक मोजा राहिलाय." बाबांनी फोन हातात घेतला. "राहू दे तो तिथेच," ते म्हणाले.

आठवड्याभरात माझ्या भावाच्या पोटाला ठिगळ लागलं आणि मी पुन्हा खड्ड्यात आले. बाबांनी नवा जॅक घेतला नाही. माणसाने शब्द पाळावा, पण विमा कंपनीतल्या माणसाने इतका? शेजारची खाच वर्षभर रिकामी होती. खड्डा आला की मी आपटे, आणि पलीकडून काही येत नसे. खराब रस्तेही मला शांतच वाटायला लागले.

पण पंपावर आता बाबा म्हणतात, "पाचही बघ."

आज सकाळी डिकी उघडली. पुन्हा हिवाळा आहे. पिशव्या आल्या, ठकीचे बूट आले, आणि सर्वांत शेवटी स्वेटरमध्ये गुंडाळलेलं एक खोकं अगदी माझ्या डोक्यावर ठेवलं गेलं. "सांभाळून!" आई आणि बाबा एकदम म्हणाले. गाडी निघाली, पहिला खड्डा आला आणि वर किण् किण् वाजलं. खूप कप आहेत आत.

मित्रांनो, तुमच्या गाडीतल्या स्टेपनीची हवा अधूनमधून बघत जा. ती कुठे चाललेली नसते, म्हणूनच बघा. आणि तुम्ही निघून गेल्यावर तुमच्यामागे रिकाम्या खोल्यांतून फिरणारं कोणी असेल, तर त्याच्याकडे मुद्दाम काहीतरी विसरून या. क्लिप चालेल, मोजा चालेल. फक्त ते न्यायला जा.