बबनरावांचा लाल दिवा

मोटार घेतली तेव्हा बबनरावांनी दौंडच्या अख्ख्या रेल्वे कॉलनीला पेढे वाटले, आणि अंजनाबाईंना वाटलं, चला, सुटलो एकदाचे. तीस वर्षं वाफेचं इंजिन हाकलेला नवरा. आता घरची गाडी, कुठं थांबायचं ते बायकोला विचारून ठरवेल. बाईंची आशा मोठी दांडगी.

मोटार एका डॉक्टरांनी वापरून वापरून विटवलेली होती. दार आतून धरून बसावं लागे, हॉर्न पडसं झाल्यासारखा वाजे. त्याचं बबनरावांना काही नव्हतं. त्यांना खुपलं ते एवढंच, की पेट्रोलचा काटा लहर आली की धाडकन खाली पडे आणि त्याच्याशेजारचा, पेट्रोल संपल्याचं सांगणारा लाल दिवा लागे. टाकी गळ्यापर्यंत भरलेली असली तरी.

मल्हारी मिस्त्रीनं आधी काचेवर टिचक्या मारल्या. मग बल्ब बदलला. मग काटा उघडून त्यावर फुंकर मारली. सगळे उपाय थकल्यावर तो मोटारीखाली आडवा झाला आणि तिथूनच निकाल दिला.

"मामा, टाकीकडं जानारी वायर घासलीया. खड्डा आला की पत्र्याला टेकती, आन् दिवा लागतो. पुण्यावनं नवी आनतो. तवर बल्ब काढून ठिवू का?"

"सिग्नल काढून ठिवतोस?" बबनराव असे काही कडाडले, की बाहेर येऊ लागलेला मल्हारी पुन्हा आत सरकला.

दिवा राहिला. आता तो लागला की बबनराव मोटार कडेला घेत, उतरत, टाकीत ज्वारीचं धाट बुडवून पेट्रोल बघत, ते भरपूर आहे अशी खात्री करून घेत, आणि तरीही दिवा विझेपर्यंत गाडीत हाताची घडी घालून बसून राहत. टाकी खरी की दिवा, हा प्रश्नच नव्हता. हुद्द्यानं दिवा मोठा.

अशात एका सकाळी शिरूरचा एक जीपवाला निरोप घेऊन आला. बबनरावांची एकुलती एक लेक ललिता शिरूरला शाळेत मास्तरीण होती. रविवारी माहेरी बाळंतपणाला यायची होती, तर त्याआधीच कळा सुरू झाल्या. जावई एसटीत कंडक्टर, तो लांबच्या गाडीवर. शेजारणीनं दवाखान्यात पोचवलंय, पण पोर एकटीच आहे.

'एकटी' म्हटल्यावर अंजनाबाई ताडकन उठल्या. ललिताच्या वेळी त्याही एकट्याच होत्या. बबनरावांची मालगाडी तेव्हा दौंडच्या बाहेर, क्वार्टरपासून हाकेच्या अंतरावर उभी होती. सिग्नल लाल होता. गाडी मधूनमधून शिट्टी घालायची आणि बाई इकडं उशी चावायच्या. पोर झाली, नाळ कापली, सुईण चहा पिऊन गेली, आणि मग साहेब आले. "सिग्नलच न्हवता," म्हणाले. पुढं हीच गोष्ट ते पाहुण्यारावळ्यांना छाती फुगवून सांगत. नियमानं त्यांचं बरोबरच होतं. बाईंना त्याचाच संताप यायचा.

ललिताला एकटीला राहू द्यायचं नाही, एवढं एकच डोक्यात धरून बाई मोटारीत बसल्या. मांडीवर बाळाच्या कपड्यांचं गाठोडं.

वाटेतल्या न्हावरे गावापर्यंत दिवा पाचसहादा लागला आणि विझला. प्रत्येक वेळी उतरणं, धाट, हाताची घडी. न्हावरं मागं पडलं, मोटार एका खड्ड्यात आदळली, दिवा लागला आणि विझेचना. मेंढरांचा एक कळप शांतपणे पुढं निघून गेला. मागून शिरूरची एसटी आली. बाईंनी हात केला, पण ती भरलेली होती, थांबलीच नाही.

"अहो, टाकी भरलीया. आत्ता बघितली तुम्ही."

"व्हय."

"मंग चला की! लेक तिकडं तडफडतीया!"

"अगं, मला काय काळीज न्हाई व्हय? पन लाल हाय." बबनरावांच्या कपाळावर घाम होता. हात चाकावर होते, पण गिअरकडं जात नव्हते. त्यांना खरंच जाता येत नव्हतं, आणि हे बघून बाईंचा राग दुप्पट झाला.

"मंग सिग्नलच बिघडला तर काय करता रेल्वेत? जलमभर उभं ऱ्हाता?"

"न्हाई. तवा मानूस येतो, हिरवी झेंडी दावतो. मंग जाता येतं."

बाईंनी गाठोडं सोडलं. आपलं हिरवं लुगडं फाडून बाळासाठी शिवलेलं दुपटं काढलं, खाली उतरल्या आणि मोटारीपुढं उभ्या राहून ते फडकवायला लागल्या.

"तू काय स्टेशन मास्तर हायस का?"

"तीस वरसं तुमचा डबा भरलाय! यापरीस जास्त ड्युटी कुन्या मास्तरनं केली असंल तर नाव सांगा!"

बबनरावांनी डोक्यावरची टोपी सारखी केली. हात आपोआप गिअरवर गेला.

शिरूरपर्यंत बाईंनी एका हातानं दार धरलं आणि दुसऱ्यानं खिडकीतून दुपटं. रस्त्यावरची माणसं बघून हसत होती. त्यांना कुठं ठाऊक होतं गाडी कशावर चालली आहे ते.

दवाखान्यात बाळंतिणीच्या खोलीवर लाल बल्ब लागलेला होता. नर्सनं अंजनाबाईंना आत घेतलं. ललितानं त्यांचा हात असा धरला, की बांगडी पिचली. "आई, आलीस," एवढंच बोलली आणि पुढच्या कळेला मोठ्यानं ओरडली.

"बाबा कुठायत?" जरा उसंत मिळाल्यावर तिनं विचारलं.

"दाराशी. लाल दिवा लागलाय न्हवं का."

दार पातळ होतं. आतलं सगळं बाहेर ऐकू जात होतं, आणि बाहेर बबनरावांचे जोडे फरशीवर एकाच जागी घसटत होते. ललिताच्या प्रत्येक ओरडण्याला ते घसटणं थांबायचं. "थांबा, बाकावर बसायला सांगते त्यांना," असं म्हणून नर्स दाराकडं निघाली, तेव्हा बाईंनी तिला अडवलं.

"ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या. "त्या वक्ताला मी शिट्टी ऐकली व्हती. आज त्यांना ऐकू द्या."

नात झाली. बाईंनी तिला हिरव्या दुपट्यात गुंडाळलं आणि दार उघडलं. बबनराव तिथंच उभे होते, टोपी मुठीत चुरगळलेली, डोळे लाल झालेले. वरचा दिवा अजून तसाच होता.

त्यांनी एकदा दिव्याकडं बघितलं, एकदा दुपट्याकडं.

"या," बाई म्हणाल्या.