नदीपलीकडचा कोच

आमचा वॉटी टर्नबुल स्कॉटलंडकडून रग्बी खेळला, तेव्हा आमच्या हॅरोबर्न गावच्या खाटकानं त्याचा फोटो दुकानात टांगला होता. पुढे गुडघे कामातून गेले आणि वॉटी नदीपलीकडच्या किर्कलॉचा कोच झाला. त्या दिवशी खाटकानं फोटो उतरवला आणि वर मलाच विचारलं, “नेटा, काचेची फ्रेम चांगली आहे, ठेवून घेऊ का?”

पण खाटकाला तरी काय बोलणार? वॉटीच्या सख्ख्या आईनं, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीनं, जेसीनं, त्याच्याहून मोठा तमाशा केला. “सुनेनं घर सोडलं असतं तर एवढं वाटलं नसतं,” म्हणाली. सून शेजारीच उभी होती. जेसीचा जन्म लोकरीच्या गिरणीत आणि हॅरोबर्न क्लबच्या कुंपणाशी गेला. देव, नवरा आणि क्लब असा तिचा क्रम आहे असं पाद्री म्हणायचे, पण पाद्री बाहेरगावचे होते.

आता एक गोष्ट सांगते, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. चेंडू रेषेबाहेर गेला की दोन्ही संघ शेजारी-शेजारी रांगा लावतात आणि चेंडू त्यांच्या डोक्यावरून आत फेकला जातो. तो पुढे पडणार, मध्ये की मागे, हे फेकणारा संघ आपल्या माणसांना खुणेच्या शब्दानं कळवतो. (हे ज्याला ठाऊक नाही त्याला आमच्याकडे जावई करून घेत नाहीत.) लहानपणी वॉटी ही फेक आमच्यावर घोटायचा. कपडे वाळत घालायच्या दोरीखाली आम्हा तिघी बहिणींना उभं करायचा. ठेंगणी एफी पुढे, जेसी मध्ये, आणि ताडमाड म्हणून मी मागे. नाव पुकारायचं आणि चेंडू फेकायचा. माझं नाक एकदा सुजलं होतं.

तेच त्याच्या डोक्यात बसलं. किर्कलॉच्या पोरांना त्यानं आधी आकडे शिकवून पाहिले. मेंढरं मोजणारी पोरं ती, पण चिखलात पाचानंतर सात म्हणायची. शेवटी पठ्ठ्यानं खुणेसाठी आमचीच नावं दिली. आम्हाला काही न सांगता!

दोन्ही गावांचा वर्षाचा सामना आमच्या मैदानावर होता. किर्कलॉचे अध्यक्ष रदरफोर्ड साहेब आधीच बोलून चुकले होते, की यंदाही हॅरोबर्नकडून हरलात तर नवा कोच बघू. हे सगळ्या खोऱ्याला माहीत होतं. जेसीलाही.

पहिल्याच फेकीला किर्कलॉचा एक दांडगा गडी गरजला, “एफी!”

जेसी दचकली. मग तिचे डोळे चमकले, आणि गिरणीच्या यंत्रांवरून ऐकू जाणारा तो आवाज सुटला. “पुढे! अरे, पुढे फेकणार!”

आमची माणसं पुढे धावली, चेंडू आमचा. दुसऱ्यांदा “नेटा!” झालं, जेसी “मागे!” म्हणाली, चेंडू पुन्हा आमचा. लोक तिच्या पाठीवर थापा मारायला लागले. पलीकडच्या रेषेवर वॉटी कमरेवर हात ठेवून आमच्याकडे बघत उभा होता.

मध्यंतरात मी तिला बाजूला ओढलं. “अगं बये, पोटच्या पोराची नोकरी जाईल!”

“मग त्यानं खुणा बदलाव्यात.”

“तुला काळीज आहे का?”

“आहे. हॅरोबर्नचं आहे.” पण तिनं थर्मासमधला चहा घेतला नाही.

शेवटचं मिनिट. आम्ही दोन गुणांनी पुढे, पण किर्कलॉची फेक आमच्या गोलरेषेपाशी, अगदी दाराशी. ही मिळाली की ते जिंकले. या वेळी वॉटीच रेषेवरून ओरडला, आमच्याकडे तोंड करून, घसा फोडून. “नेटा!”

आमच्या पंधराच्या पंधरा माना जेसीकडे वळल्या. तिनं तोंड उघडलं. मी तिचा हात घट्ट धरला होता. आणि मग तिनं गळ्यातला मफलर दातांत धरला आणि डोळे मिटले. माझ्या बहिणीला गप्प बसलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं, आणि मला रडू आलं.

आवाज आला नाही, म्हणून आमची माणसं होती तिथेच खांबासारखी उभी राहिली. चेंडू मागे गेलाच नाही. तो पडला पुढे, थेट आमच्या गॅव्हिनच्या छातीवर. गॅव्हिनला चेंडू आपल्याकडे आलाय हे कळायच्या आत शिट्टी झाली. आम्ही जिंकलो.

टाळ्या-बिळ्या झाल्यावर वॉटी चिखल तुडवत आला. “आई, घसा बसला का तुझा?”

“नाही.”

“मग ओरडली का नाहीस? अख्खा डाव तुझ्या ओरडण्यावर लावला होता मी! तू ‘मागे’ म्हणणार, ते मागे पळणार, आम्ही पुढे फेकणार. जन्मात कधी क्लबच्या विरुद्ध गेली नाहीस, आजच काय झालं?”

जेसी मफलरचे धागे तोंडातून काढत राहिली.

“मावशी, काय झालं हिला?”

“काय व्हायचंय?” मी म्हटलं. “तुझ्यासाठी दातखीळ बसवून घेतली तिनं.”

वॉटी आईकडे बघत राहिला. मग हसायला लागला, आणि हसता हसता ते दुखरे गुडघे मोडून ओल्या गवतावर बसला. डोळ्यांतून पाणी गळत होतं. तेवढ्यात रदरफोर्ड साहेब पडलेल्या चेहऱ्यानं आले. “टर्नबुल, जरा बोलायचं होतं.”

“कळलं साहेब, गेली नोकरी,” वॉटी ओरडला. “पण ऐकलंत का? माझी आई आज माझ्या बाजूनं होती!”

जेसीनं घाईघाईनं इकडेतिकडे पाहिलं आणि त्याच्या तोंडावर हात ठेवला.

“हळू बोल मेल्या,” ती म्हणाली, “आपली माणसं ऐकतील.”