पडद्यावरचा कावळा

माझ्या दिराचा गोकुळ पुण्यात राहून शिकला, पण घरातलं काय बाहेर न्यावं आणि काय नेऊ नये, एवढं काही शिकला नाही. शेजारची परात नेतानाही माणूस विचारतो. यानं माझ्या घरातलं रडणं नेलं आणि विचारलंसुद्धा नाही.

माझा पोरगा अमृत पेठ गावाजवळ हायवेला अपघातात गेला. दहाव्याला घोडनदीवर पिंड ठेवला, पण कावळा शिवेना. कावळे झाडावर बसून राहिले, खाली एक उतरेना. अशा वेळी घरच्यांनी एकेकानं पुढं होऊन गेलेल्याला शब्द द्यायचा असतो. मी म्हटलं, तुझ्या बापाचं दवापाणी चुकवणार नाही. दीर म्हणाला, विहिरीचं पाणी भांडण न करता वाटून घेऊ. कावळा जागचा हलला नाही. शेवटी रत्ना, माझी सून, वाकली आणि पुटपुटली की मी दुसरं घर करणार नाही. तेवढ्यात कावळा आला.

ते मी ऐकलं, आणि गोकुळच्या कॅमेऱ्यानं. घरात आठवण राहील म्हणून शूटिंग करतो, म्हणाला होता.

उपाशीपोटी, उन्हात, कोवळ्या पोरीनं दिलेला शब्द. मी तो धरला नाही. वर्षश्राद्ध झाल्यावर मीच तिच्यासाठी स्थळ बघितलं. आळे गावचा कुशाबा, त्याचीही बायको वारलेली, गडी शांत. रत्ना आधी नकोच म्हणाली. मग एकदा बाजारात कासाराच्या दुकानापाशी थांबली आणि हिरव्या बांगड्यांवरून नुसता हात फिरवला.  मी समजले आणि बोलणं पुढं नेलं.

गोकुळनं तोवर पिच्चर काढला. शहरात लोक म्हणे रडले, उभं राहून टाळ्या वाजवल्या. गावात देवळापुढं पडदा लागला तेव्हा आळ्याचे पावणे मीच बोलावले. म्हटलं, बघू द्या आमच्या घरात कसली पोरं निपजतात.

पिच्चर वाईट नव्हता. नाच नाही, हाणामारी नाही, माणसं आपल्यासारखी बोलत होती. बाया म्हणाल्या, अगदी आपलंच. मग नदीचा घाट आला. तिथं नट नव्हते. खरा पिंड होता, माझी खरी रत्ना होती, आणि तिचं ते पुटपुटणं भोंग्यातून साऱ्या गावानं ऐकलं. कावळा आला तसे पुढच्या म्हाताऱ्यांनी हात जोडले. शेजारी रत्नानं पदर तोंडात धरला.

कुशाबाचा चुलता भिमाजी चहालाही थांबला नाही. "आक्का," म्हणाला, "ज्या शब्दावर कावळा शिवला, तो मोडायला आमाला नका लावू."

तेव्हापासून बाया वाटेत रत्नाच्या पाया पडतात. कासाराच्या दुकानावरून ती मान खाली घालून जाते.

काल गोकुळ पेढे घेऊन आला. पिच्चरला बक्षीस मिळालं होतं. झालेलं त्याच्या कानावर होतं. सांगत होता, लोकांच्या ध्यानात तेवढाच सीन राहतो, तो काढला तर पिच्चरात काही उरत नाही. तरी थोरल्या आईची, म्हणजे माझी, इच्छा असेल, तर गावात दाखवताना कापीन. आत रत्ना भाकरी थापत होती. थापायचा आवाज थांबला.

मी पेढ्याला हात लावला नाही.

"गोकुळ, पिच्चर चांगला केलास. मीबी रडले. पन त्या कावळ्यानं एकदा चोच मारली आन गेला उडून. तू गावोगाव फिरून माझ्या पोरीला टोचतोयस. आता काप न्हाईतर ठेव, तिचं घर बसायच्या आधीच मोडलं. ते पेढे उचल आन पुन्यांदा या दारात उभा राहू नको."